पार्वतम्माकडं

एकोणीस वर्षं कावेरीबाई पार्वतम्माशी बोलली नव्हती, आणि पार्वतम्मा गेली त्या दिवशीही तिनं आपला नेम मोडला नाही. सगळी भाजी मंडई बंद होती. बाया डोक्यावरून पदर घेऊन मयताला गेल्या. कावेरीबाई मात्र मेथीच्या जुड्या मांडून एकटीच बसली. एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही, तरी दिवस मावळेपर्यंत ती जागची हलली नाही.

चिंचवंडी हे लातूर-नांदेड रस्त्यावरचं गाव. नगर परिषद आहे म्हणून त्याला शहर म्हणायचं, एवढंच. तिथल्या मंडईत या दोघींचे ठिय्ये समोरासमोर होते आणि मध्ये चार हातांची वाट. इकडे कावेरीबाईची पालेभाजी, तिकडे पार्वतम्माच्या मिरच्या, लिंबं आणि शेंगदाण्याची चटणी. बोलणं तुटल्यावर दोघी गिऱ्हाइकाच्या तोंडून बोलायच्या.

"त्या बाईला सांगा, तिचं पोतं माझ्या हद्दीत आलंय."

"तिला म्हणावं, हद्द तुझ्या बापानं मोजून दिली का?"

मेथी घ्यायला आलेला माणूस बिचारा दोघींच्या मध्ये पिशवी धरून उभा राहायचा.

गेल्या श्रावणात पार्वतम्मा लिंगैक्य झाली आणि समोरचा ठिय्या मोकळा पडला. कावेरीबाईचं वय बहात्तर. समोर भांडायला कुणी नसल्यावर दिवस किती लांबतो, हे तिला तेव्हापासून कळायला लागलं होतं. पण तसं तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

एका मंगळवारी, भर बाजारात, शेजारच्या फुलवाल्या रुद्राणीनं हार बांधायला घेतलेला कागद हातातच धरून ठेवला. रुद्राणी दहावी पास. मंडईतल्या बायांची कागदपत्रं तीच वाचायची.

"मावशे, तुमच्या सवतीचं नाव छापून आलंय."

"कोण सवत?"

"पार्वतम्मा. अजून कोण?"

नगर परिषदेची जाहीर सूचना होती. रुद्राणीनं ती मोठ्यानं वाचली. मंडईलगतच्या नियोजित उद्यानास 'लिंगैक्य पार्वतम्मा बसलिंगप्पा हलकुडे स्मृती उद्यान' असे नाव देण्याचे ठरले असून, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी नोंदवावी. तसेच उद्यानाच्या प्रवेशद्वाराकरिता मंडईतील जुने महिला शौचालय निर्लेखित करून जागा मोकळी करण्यात येणार आहे.

"निर्लेखित म्हंजे?"

"पाडणार, मावशे."

कावेरीबाईच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. "कवाचा पेपर हाय ह्यो?"

रुद्राणीनं वरची तारीख बघितली. पेपर रद्दीचा. सूचना निघून अकरा दिवस झाले होते. चिंचवंडीत नगर परिषदेचं म्हणणं लोकांपर्यंत असंच पोचायचं, फुलांवरून नाहीतर भज्यांवरून.

त्या शौचालयाची गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची. तेव्हा मंडईत बायांना जायला जागाच नव्हती. पहाटे घरून निघालेली बाई रात्री घरी गेल्यावरच मोकळी व्हायची. म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नसत. लक्ष्मम्मा नावाची एक कांदेवाली होती. ऐन उन्हाळ्यातसुद्धा तिचा तांब्या पालथाच असायचा. पोटात कळा यायला लागल्या, तिला लातूरच्या दवाखान्यात नेलं, आणि ती परत आलीच नाही. तिसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पार्वतम्मानं मंडईतल्या एकतीस बायांना बरोबर घेतलं, प्रत्येकीच्या हातात टमरेल दिलं आणि सगळ्यांना कचेरीवर नेलं. सभा चालू होती. तिनं आपलं टमरेल अध्यक्षांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाला लावून ठेवलं. म्हणाली, "साहेब, जागा दावा. न्हाईतर आम्ही हितंच बसताव."

चार महिन्यांत शौचालय बांधून झालं. चार संडास, एक हौद, वर पत्रा. पण झाडायला माणूस मिळाला नाही. तेव्हा गळ्यातली लिंगाची चांदीची डबी चोळीत खोचून पार्वतम्मानं स्वतः खराटा घेतला. तिची भावकी वर्षभर तिच्या घरी पाणी प्यायली नाही. तिनं कुणाची पर्वा केली नाही. बायांच्या पाळ्या लावल्या आणि किल्ली कमरेला अडकवली.

किल्ली मागायला तिच्याकडे जावं लागायचं, म्हणून बाया म्हणायच्या, "जरा पार्वतम्माकडं जाऊन येते." पुढे कुलूप गंजून गळालं, किल्ली हरवली, तरी बोलणं तेच राहिलं. नव्यानं आलेल्या सुनांना पार्वतम्मा कोण हेही ठाऊक नसायचं. त्याही तसंच म्हणायच्या.

आणि कावेरीबाईचं भांडण झालं ते याच पाळीवरून. माहेरी हिमायतनगरला लग्न होतं. तिथून ती दोन दिवसांची जागी आली आणि तिची धुवायची पाळी चुकली. पार्वतम्मानं भर बाजारात हाक मारली, "घाण करायला पहिली आन् धुवायला मेली का गं?" शंभर माणसं हसली. कावेरीबाई म्हणाली, "तू मुकादम लागून गेलीस का?" एवढंच. त्यानंतर एकोणीस वर्षं काही नाही.

त्या मंगळवारी बाजार उठेपर्यंत कावेरीबाई जुड्या विकत राहिली. मग रुद्राणीला म्हणाली, "लिही. माझी हरकत हाय म्हणून."

"कशाला हरकत? नावाला?"

"बागंला नाव नको. संडासाला द्या म्हणून लिही."

रुद्राणी तोंडावर पदर घेऊन हसली. "मावशे, मेलेल्या माणसावर तरी दया करा."

"हसू नको. या गावात काय टिकलं, सांग बरं. वेशीवरचा बैलांचा हौद गेला. लिंबाचा पार गेला. कुणी हूं की चूं केलं न्हाई. आन् त्यो गुत्तेदाराच्या आज्याच्या नावाचा हातपंप बघ. बारा वर्षं पाण्याचा थेंब न्हाई, मधोमध रस्त्यात हाय, दोन माणसं धडकून मेली, पर काढत न्हाईत. का? नाव हाय त्याच्यावर. या गावात बिननावाची चीज पाडतेत. नाव लागलं की कुणाची हिंमत होत न्हाई."

रुद्राणीचं हसू थांबलं. तिनं वहीचा कागद फाडला.

कावेरीबाईच्या मनात तेवढंच होतं असं म्हणता येणार नाही. पार्वतम्माचं नाव संडासावर लागलेलं बघायला तिला बरंही वाटणार होतं. आणि तिथंच ते शोभतं असंही वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकाच मनात होत्या, आणि त्या निवडत बसायला तिला वेळ नव्हता. तिला साखरेचा आजार होता. दर दोन तासांनी तिला पार्वतम्माकडं जावं लागायचं.

कचेरीत हनुमंत नावाचा बाबू आवक-जावक बघायचा. त्यानं अर्ज वाचला आणि खुर्चीत मागे रेलला.

"मावशी, संडासाला कुणी नाव देतं का? उद्या माझ्या आईचं नाव गटारीला द्या म्हणाल."

"तुझ्या आईनं गटार बांधली असंल तर दिऊ."

"बाहेरच्या माणसाच्या हरकतीला वजन नसतं. संमती लागते वारसाची. त्यांच्या चिरंजीवांनी, श्रीशैल साहेबांनी लिहून दिलंय, एकमेव वारस म्हणून. हे बघा, पाटीसुद्धा लातूरहून करून आली." व्हरांड्यात भिंतीला टेकून, पोत्यात गुंडाळलेला मोठा संगमरवर उभा होता.

"हरकतीचे दिस अजून संपले न्हाईत, आन् पाटी आली?"

"पाटी आधीच येते, मावशी. पाटीवर सगळ्या नगरसेवकांची नावं असतेत. ते कसे थांबतील?"

"आन् एकमेव वारस कसा? तिची पोरगी अंबिका मेली का?"

"नांदेडची? लगीन होऊन गेली की ती. पोरीला कोण धरतं वारसात?"

"शिक्का मार," कावेरीबाई म्हणाली. "शिक्का मारल्याबिगर मी हलत न्हाई. मला घरी सासू न्हाई वाट बघायला."

शिक्का मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीशैल मंडईत आला. पार्वतम्माचा मुलगा, वय छत्तीस. चार वर्षं प्रशासकाच्या हातात असलेल्या नगर परिषदेत यंदा नवी बॉडी आली होती आणि तो बांधकाम सभापती झाला होता. पांढरी गाडी त्यानं थेट मेथीच्या पाटीपर्यंत आणली.

"काय गं म्हातारे? माझी आई जिवंत होती तवर तिला छळलंस. मेल्यावर बी सोडंना झालीस?"

"श्रीशैल्या, गाडी मागं घे. धूर लागतो भाजीला."

"माझ्या आईचं नाव संडासाला? बेइज्जती करून राहिलीस तू आमच्या घराण्याची."

"संडास तिनंच आणला. बागंत ती कवा बसली होती, सांग. बाकड्यावर टेकलेली बघितलीस का तिला कधी?"

श्रीशैलचा चेहरा लाल झाला. त्याच्या आवाजात आता सभापतीपण राहिलं नव्हतं. "तुला मालूम हाय का, शाळंत पोरं मला काय म्हणायची? मधल्या सुट्टीत पँट वर करत यायची आन् म्हणायची, 'श्रीशैल्या, तुझ्या आईकडं जाऊन आलो बे.' दहावीपर्यंत. रोज. अजून बी गावात बाया तेच बोलतेत. माझ्या पोरीनं ऐकलं त्या दिवशी. मी ते पाडणार. एक वीट ठेवणार न्हाई. त्याच्या जागी गुलाबाची झाडं लावीन आन् वर आईचं नाव टाकीन."

"आन् आम्ही कुठं जावं?"

"स्टँडवर नवं बांधलंय."

"स्टँड एक कोस हाय. माझी मेथी कोण राखील? तू राखतोस?"

"तुमी लोकं कुठं बी जाता," असं म्हणून तो गाडीत बसला, आणि गाडी मागे घेताना त्यानं कोथिंबिरीची टोपली चेंगरली. उतरून बघितलंसुद्धा नाही.

सुनावणी पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी होती. आदल्या दिवशी कावेरीबाईनं ठिय्या रुद्राणीवर सोपवला आणि सकाळच्या एसटीनं नांदेड गाठलं. अंबिका तरोडा नाक्याकडे राहते, एवढंच तिला ठाऊक होतं. तीन गल्ल्या विचारत ती दारापर्यंत पोचली.

अंबिका शाळेतून नुकतीच आलेली, हातात वह्यांचा गठ्ठा. तिनं दार अर्धंच उघडलं.

"चिंचवंडीची कावेरी. मेथीवाली."

"ओळखलं. अव्वाच्या मयताला सगळं गाव आलं. तुम्ही भाजी मांडून बसला होता. गाडीतून बघितलं मी."

"हाव. बसले होते."

"मग आता काय घ्यायला आलात?"

"सही."

अंबिकानं तिला आत घेतलं, पण खुर्ची दाखवली नाही. कावेरीबाई आपणच जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. अंबिका वह्या तपासत ऐकत होती. लाल पेन चालूच होतं.

"म्हणजे बहीण-भावात लावून द्यायला आलात. अव्वावरचा राग आमच्यावर काढायचा."

"राग हाय. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या कुणी भर बाजारात माझी लाज काढली असती तर मी दोन दिवसात विसरले असते. तिनं काढली म्हणून न्हाई विसरले. पर तुझ्या भावानं कचेरीत लिहून दिलंय, एकमेव वारस म्हणून. ते मी न्हाई लिहिलं."

पेन थांबलं. "काय लिहून दिलंय?"

"एकमेव. एकटाच. तू न्हाईसच."

अंबिकानं वह्या बाजूला सारल्या. मग उठली, चहा केला आणि कप कावेरीबाईच्या पुढ्यात आपटला. थोडा चहा बशीत सांडला.

"प्या आणि जा. दुपारची गाडी मिळेल."

"सही?"

"माझ्या घरचं मी बघीन. तुमच्यासाठी मी काही करणार नाही."

कावेरीबाईनं चहा पूर्ण प्यायला, सांडलेलासुद्धा, आणि निघाली.

शुक्रवारी कचेरीच्या सभागृहात मुख्याधिकारी मॅडम, हनुमंत, श्रीशैल आणि त्याची चार माणसं होती. मंडईतल्या दहा-बारा बाया दाराशी उभ्या होत्या. मॅडम लातूरहून येऊन-जाऊन नोकरी करायच्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"हरकत एकच आहे," हनुमंत म्हणाला. "अर्जदार अशिक्षित आहे. मयताशी जुनं वैर होतं."

"वैर होतं म्हणून तर सांगते," कावेरीबाई म्हणाली. "मैत्रीण असते तर गोड बोलले असते. तिचं तोंड वाईट होतं, मॅडम. पर गावातल्या बाया सत्तावीस वर्षं पाणी पिऊन राहिल्या ते तिच्यामुळं. बागंला कुणाचं बी नाव द्या. तिचं तिच्या जागंला द्या."

श्रीशैलची माणसं हसली. एकजण म्हणाला, "मग कमोडवर फोटू बी लावू का?"

तेवढ्यात दाराशी उभ्या बाया बाजूला झाल्या आणि अंबिका आत आली. ती कावेरीबाईकडे बघतसुद्धा नव्हती.

"मी अंबिका. पार्वतम्मा बसलिंगप्पा यांची थोरली मुलगी. वारस. बागेच्या नावाला माझी संमती नाही."

श्रीशैल उठून उभा राहिला. "अक्का, तू हितं? या म्हातारीनं भरवलं तुला?"

"तू एकमेव वारस कधीपासून झालास?"

"ते कागदापुरतं असतंय. तू अव्वाच्या नावाच्या आड यायलीस का? अव्वाचं नाव बागंला लागू द्यायचं न्हाई तुला?"

"तुला पोरांनी चिडवलं, मला पोरींनी चिडवलं नाही होय रे? मी रडत घरी आले होते. अव्वाला सांगितलं, शाळेत म्हणतात, तुझ्या आईकडं जाऊन आले. तर अव्वा चटणी कुटत होती. मुसळ थांबवलं नाही तिनं. म्हणाली, 'जाऊ दे की. दुसऱ्या कुणाच्या आईकडं जागा हाय का त्यांना?'"

दाराशी उभ्या बायांत कुणीतरी फुसकन हसलं. श्रीशैलनं टेबलावर हात आपटला. "बास! तुझं माहेर आजपासून बंद. राखीला येऊ नको. दिवाळीला येऊ नको."

"नाही येणार."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वारसांत वाद आहे, त्यामुळे नामकरणाचा विषय तहकूब." कावेरीबाई उठायला लागली, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "मात्र शौचालय पाडण्याचा ठराव वेगळा आहे. त्यावर कुणाचीही हरकत आलेली नाही. अर्जात फक्त नावाचं लिहिलंय. पाडण्यावर हरकत घ्यायची मुदत संपली."

रुद्राणीनं कपाळावर हात मारून घेतला. तिनं नावाचंच लिहिलं होतं. पाडू नका, हे लिहायचं दोघींनाही सुचलं नव्हतं. ते इतकं उघड होतं की लिहावं लागेल असं वाटलंच नव्हतं.

श्रीशैल हसला. "सोमवारी जेसीबी येतो," तो बायांकडे बघून म्हणाला. "आदल्या दिवशी जाऊन या सगळ्याजणी."

रविवारी दुपारी कावेरीबाई केरबा पेंटरच्या दारात जाऊन बसली. निवडणुकीत गावातल्या सगळ्या भिंती रंगवणारा माणूस. तो हातच जोडायला लागला.

"मावशी, सभापतीशी वैर न्हाई परवडत मला."

"त्याच्याच आईचं नाव लिहायचं. शिवी लिहायची न्हाई. तुझी आई कुठं बसायची रे मंडईत?"

"कांद्याच्या लायनीत."

"आन् कुठं जायची?"

केरबा उठला. डबा आणि कुंचला घेऊन निघाला. ऊन कलेपर्यंत मंडईच्या बाजूच्या भिंतीवर हातभर उंचीची निळी अक्षरं उमटली होती: 'लिंगैक्य पार्वतम्मा बसलिंगप्पा हलकुडे'. आणि त्याखाली 'महिला शौचालय'. काम झाल्यावर केरबानं बायकोला सांगितलं की चार दिवस उदगीरला जातो, आणि खरंच गेला. रुद्राणीनं भिंतीत खिळा ठोकून झेंडूचा मोठा हार लावला. कुणीतरी नारळ फोडला. कावेरीबाईनं अक्षरांना हळदीकुंकू लावलं. लावताना तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते आशीर्वादाचं नव्हतं.

सोमवारी नऊ वाजता जेसीबी आला. चालवणारा बालाजी औशाचा होता. त्याला या गावचं काही ठाऊक नव्हतं. मशीन भिंतीसमोर आणून त्यानं हार बघितला, कुंकू बघितलं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून चपला काढल्या.

"चपला कशाला काढतोस बे?" श्रीशैल ओरडला. "चल, लाव बकेट."

"साहेब, हे कुणाचं नाव हाय?"

बाया श्रीशैलकडे बघायला लागल्या. मग मागून एक बाई म्हणाली, "त्यांच्याच आईचं."

बालाजीनं कान धरले. "न्हाई साहेब. आईचं नाव, वर हार, कुंकू. म्या बकेट लावली आन् उद्या माझ्या घरात काय बरंवाईट झालं तर? तुमी आधी नाव पुसून द्या. मोकळी भिंत पाडायला मला काय बी न्हाई."

श्रीशैलनं केरबाला फोन लावला. बंद. हनुमंताला सांगितलं. हनुमंत म्हणाला, "साहेब, नावावर हात मारायचं मला जमणार न्हाई. लेखी द्या." तोवर भोवती गर्दी झाली होती. बाया ठिय्ये सोडून आल्या होत्या. दोन-चार मोबाइल वर गेले होते. अंबिका पहिल्या गाडीनं आली होती आणि चिंचेच्या सावलीत एकटी उभी होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, तीही कुणाशी नाही.

शेवटी श्रीशैलनं स्वतः चुन्याची बादली उचलली. कुंचला बुडवला आणि भिंतीपाशी गेला. एकीनंही त्याला अडवलं नाही. कावेरीबाईनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, कुणी बोट लावायचं न्हाई, जे करायचं ते त्याला करू द्या.

हार त्याच्या तोंडासमोर होता. कुंचल्यातून चुना त्याच्या कडक पांढऱ्या बाहीवर ओघळत होता. तो पहिल्या अक्षरापर्यंत हात न्यायचा आणि थांबायचा. असं तीनदा झालं. मग तो खाली वाकला आणि खालची ओळ पुसायला लागला. 'महिला' गेलं. 'शौचालय' गेलं. त्यावर त्यानं दोन-तीन हात दिले, अगदी रगडून, भिंतीचे पोपडे निघेपर्यंत. वरच्या ओळीला त्यानं चुन्याचा थेंबही लागू दिला नाही.

भिंतीवर नुसतं पार्वतम्माचं नाव उरलं.

"पाडू का आता?" बालाजीनं चाचरत विचारलं.

"मशीन घेऊन जा," श्रीशैल म्हणाला. गर्दीकडे न बघता त्यानं बादली लाथेनं उडवली आणि कावेरीबाईपुढे येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते. "तू मेल्यावर तुझं नाव कशाला लागतंय, ते मी बघतो."

"मेल्यावर काय बी कर. जित्तेपणी आमची वाट आडवू नको."

तो थुंकला, तिच्या पायापासून वीतभर अंतरावर, आणि गाडीत बसून गेला. बागेचा दरवाजा आता मागच्या बाजूनं काढावा लागणार होता. तिथे त्याच्याच एका माणसाचं दुकान होतं, म्हणजे आणखी वर्षभर भांडणं. पण ती भांडणं आता कचेरीची होती, मंडईची नव्हती.

बाया हळूहळू ठिय्यांवर परतल्या. रुद्राणी हसत होती, रडतही होती. कावेरीबाईनं मेथीवर पाणी मारलं. अंबिका तिच्या पाटीसमोर, मधल्या वाटेत येऊन थांबली.

"माझं माहेर गेलं," ती म्हणाली. "भाऊ गेला. तुम्हाला काय त्याचं? तुम्ही माझ्या आईचं नाव वापरलंत. भिंत वाचवायला. तिच्याविषयी तुमच्या मनात काही नव्हतं."

"वापरलं," कावेरीबाई म्हणाली. "मी मेले असते आन् ती राहिली असती, तर तिनं माझं वापरलं असतं. इचारलं बी नसतं."

अंबिका तिच्याकडे बघत राहिली. पर्स खांद्याला लावली आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागली. ऊन चढलं होतं. कावेरीबाईनं तिला हाक मारली नाही.

एक गिऱ्हाईक येऊन मेथीची जुडी उलटीपालटी करायला लागलं.

"घ्यायची असंल तर घे," कावेरीबाई त्याच्यावर खेकसली. "नुसती दाबत बसू नको."